वारा, विलंब आणि अचूकता : लांब पल्ल्याच्या रायफल नेमबाजीतील बाह्य प्रक्षेपिकी

पाठाची उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर विद्यार्थ्याला पुढील गोष्टी करता याव्यात :

१. आडव्या वाऱ्याने गोळी किती सरकते हे ‘विलंबकाळ’ या कल्पनेवरून काढणे.
२. कागद आणि गणकयंत्र वापरून उड्डाणकाळ व गोळीची घसरण यांचा अंदाज बांधणे.
३. प्रक्षेपिकीच्या संगणकीय साधनात कोणती माहिती भरावी लागते आणि तिच्यातल्या कोणत्या चुकीचा परिणाम सर्वांत मोठा असतो, हे आकड्यांनिशी सांगणे.
४. झेंडे व मृगजळ यांवरून वारा कसा वाचतात ते समजून घेणे.

पूर्वतयारी म्हणून न्यूटनचे नियम, सदिशांचे घटक आणि साधे संकलन एवढे पुरेसे आहे.

१. प्रस्तावना

पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन या प्रकारात कांस्यपदक मिळवले. पात्रता फेरीत त्यांचे गुण होते ६०० पैकी ५९० आणि क्रमांक सातवा. अंतिम फेरीत आठच जण जातात. म्हणजे ६० गोळ्यांमध्ये मिळून गमवायला जेमतेम दहा-अकरा गुण हातात असतात. या प्रकारात १० गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो, आपल्या करंगळीच्या नखाएवढा. नेमबाज आणि लक्ष्य यांच्यामध्ये बहुतेक अंतर उघडे आकाश असते आणि तिथे वारा वाहत असतो.

याच खेळाचे दुसरे टोक म्हणजे हजार यार्डांची (९१४.४ मीटर) लक्ष्य-नेमबाजी. १८७६ साली न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर येथे सुरू झालेली पाल्मा ही सांघिक स्पर्धा आज ८००, ९०० आणि १००० यार्डांवर होते. रायफलवर दुर्बीण लावायची नाही, छिद्राच्या साध्या साइटमधून नेम धरायचा, असा तिचा नियम आहे. संघात वारा वाचणारा स्वतंत्र प्रशिक्षक असतो आणि नेमबाज त्याच्या सांगण्यावर विसंबून गोळी झाडतो.

आज खिशातल्या फोनवर चालणारे सॉफ्टवेअर गोळीचा मार्ग क्षणात काढून देते. मग वारा वाचायला माणूस कशाला लागतो? या पाठाचा हाच मध्यवर्ती प्रश्न आहे. त्याचे उत्तर आपण शब्दांत नव्हे, आकड्यांत शोधणार आहोत.

२. एक नेहमीचा गैरसमज

वर्गात ‘वाऱ्याने गोळी बाजूला का जाते?’ असे विचारले की बहुतेकांचे उत्तर एकच असते : ‘वारा गोळीच्या कुशीवर दाब देतो आणि तिला ढकलतो.’ हे उत्तर पटण्यासारखे आहे, पण चुकीचे आहे. त्यावरून गणित केले तर निष्कर्षही चुकतात.

प्रत्यक्षात असे घडते. नळीतून बाहेर पडलेली गोळी स्वतःभोवती वेगाने फिरत असते, त्यामुळे ती स्थिर असते. तिला हवा अगदी समोरून न येता किंचित तिरपी येताना ‘जाणवते’. ९०० मीटर प्रतिसेकंद वेगाच्या गोळीला ४ मीटर प्रतिसेकंद आडवा वारा असेल, तर हा तिरपेपणा पाव अंशाएवढा असतो. गोळी आपले नाक त्या सापेक्ष वाऱ्याकडे वळवते आणि तशीच जाते. हवेचे कर्षण मागच्या दिशेला असते, पण ही ‘मागची दिशा’ हवेच्या संदर्भात मोजलेली असते. त्यामुळे कर्षणाचा एक बारीक घटक वाऱ्याच्या दिशेने पडतो आणि तोच गोळीला सरकवतो. थोडक्यात, गोळीला बाजूला नेणारे बल आणि तिचा वेग कमी करणारे बल ही दोन वेगळी बले नाहीत. ते एकच कर्षण आहे.

३. विलंबकाळाचे सूत्र

हे सूत्र मांडण्याची सोपी युक्ती म्हणजे निरीक्षकाची जागा बदलणे. अशी कल्पना करा की तुम्ही वाऱ्याबरोबर तरंगणाऱ्या फुग्यात बसला आहात. तुमच्या दृष्टीने हवा स्थिर आहे. वारा डावीकडून उजवीकडे ‘वा’ या वेगाने वाहत असेल, तर फुग्यातून पाहताना गोळीला सुरुवातीपासूनच डावीकडे ‘वा’ एवढा वेग आहे असे दिसेल. स्थिर हवेत कर्षण गोळीच्या गतीच्या बरोबर विरुद्ध दिशेला असते, म्हणून वरून पाहिल्यास गोळी सरळ रेषेत जाते. तिचा वेग कमी होतो, दिशा मात्र बदलत नाही. त्या रेषेचा उतार आहे वा ÷ मुखवेग. (नळीतून बाहेर पडतानाच्या वेगाला आपण मुखवेग म्हणू.)

म्हणजे ‘अंतर’ एवढे पुढे जाईपर्यंत गोळी फुग्याच्या संदर्भात डावीकडे वा × अंतर ÷ मुखवेग एवढी सरकलेली असेल. तेवढ्या वेळात फुगा स्वतः उजवीकडे वा × उड्डाणकाळ एवढा गेलेला असेल. जमिनीवरून पाहता दोहोंची वजाबाकी करायची :

विचलन = आडवा वारा × (उड्डाणकाळ − अंतर ÷ मुखवेग)

कंसातली दुसरी राशी म्हणजे निर्वातात लागला असता तो वेळ. म्हणून कंसातील फरकाला विलंबकाळ म्हणतात : हवेमुळे गोळीला पोहोचायला जो ‘उशीर’ झाला तो. हे सूत्र एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच प्रक्षेपिकी-तज्ज्ञ इसिदोर दिदिओं यांच्या नावाने ओळखले जाते आणि सपाट मार्गासाठी आजही उत्तम चालते.

सूत्राचा अर्थ नीट पाहा. विचलन उड्डाणकाळावर अवलंबून नाही, उशिरावर अवलंबून आहे. वेग अजिबात कमी न होता गोळी गेली असती तर वारा कितीही असला तरी विचलन शून्य आले असते.

४. वेगवान गोळी जास्त सरकते तेव्हा

‘जास्त वेग म्हणजे कमी विचलन’ हा समज तपासण्यासाठी ०.२२ इंची रिमफायर काडतुसाचे उदाहरण घेऊ. ५० मीटर स्पर्धांमध्ये हेच काडतूस वापरतात. त्याचे दोन प्रकार मिळतात : ध्वनीच्या वेगापेक्षा किंचित कमी वेगाचे ‘स्टँडर्ड’ आणि ध्वनीपेक्षा वेगवान ‘हाय व्हेलॉसिटी’. १०० मीटर अंतरासाठी प्रातिनिधिक आकडे घेऊ. उड्डाणकाळासाठी अंतराला दोन्ही वेगांच्या गुणोत्तर मध्याने भागू (याचे कारण पुढच्या भागात येईल).

स्टँडर्ड : मुखवेग ३२७, १०० मीटरवर २८८ मीटर प्रतिसेकंद. उड्डाणकाळ ०.३२६ सेकंद, निर्वातकाळ ०.३०६ सेकंद, विलंब ०.०२० सेकंद.

हाय व्हेलॉसिटी : मुखवेग ३७६, १०० मीटरवर २९९ मीटर प्रतिसेकंद. उड्डाणकाळ ०.२९८ सेकंद, निर्वातकाळ ०.२६६ सेकंद, विलंब ०.०३२ सेकंद.

४ मीटर प्रतिसेकंद आडव्या वाऱ्यात पहिली गोळी ८ सेंटिमीटर सरकते आणि दुसरी जवळजवळ १३ सेंटिमीटर. दुसरी गोळी लवकर पोहोचते, तरीही जास्त सरकते. कारण ध्वनीच्या वेगाच्या आसपास आणि त्याच्या थोडे वर कर्षण एकदम वाढते. जास्तीचा वेग हवेत खर्च होतो आणि विलंब वाढतो. स्पर्धेची चांगली काडतुसे ध्वनीपेक्षा कमी वेगाची असतात, याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

आता ५० मीटरचा हिशेब करू. ३२७ वरून वेग ३०६ पर्यंत उतरतो असे धरले तर विलंब फक्त ०.००५२ सेकंद येतो. २ मीटर प्रतिसेकंद म्हणजे अंगावर हलकी झुळूक जाणवावी एवढा वारा. त्याने विचलन १०.४ मिलिमीटर होते. या लक्ष्यावर गोळीचे छिद्र वर्तुळाला नुसते शिवले तरी गुण मिळतो. छिद्राची त्रिज्या २.८ मिलिमीटर धरली तर १० गुणांसाठी छिद्राचा मध्य केंद्रापासून ५.२ + २.८ = ८ मिलिमीटरच्या आत हवा. म्हणजे बाकी सगळे अचूक करूनही, झुळूक लक्षात न घेणाऱ्याला १० ऐवजी ९ गुण मिळतात. प्रस्तावनेतला ५९० चा आकडा आता पुन्हा आठवा.

५. हजार यार्डांचे गणित

प्रक्षेपिकीचे सॉफ्टवेअर मुळात एकच काम करते. गोळीला एक बिंदू मानून दर छोट्या टप्प्यात कर्षण आणि गुरुत्व यांनी वेग किती बदलला ते मोजते आणि पुढच्या टप्प्यावर जाते. तुम्ही संख्यात्मक पद्धतींच्या विषयात ऑयलर किंवा रुंगे-कुट्टा पद्धत शिकता, तीच ही. हे काम हाताने करणे इतके जिकिरीचे होते की अमेरिकी लष्कराने तोफांच्या मारातक्त्यांसाठीच एनिअॅक हा इलेक्ट्रॉनिक संगणक पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात बनवून घेतला.

कर्षण वेगानुसार बदलते. म्हणून प्रत्येक गोळीचे मोजमाप एखाद्या प्रमाण गोळीच्या तुलनेत देतात. सपाट बुडाच्या जुन्या धाटणीच्या गोळीसाठी जी-१ आणि लांब, निमुळत्या बुडाच्या आधुनिक गोळीसाठी जी-७ ही प्रमाणे प्रचलित आहेत. तुलनेच्या आकड्याला प्रक्षेपिकी गुणांक म्हणतात. तो जितका मोठा, तितकी गोळी हवेत वेग चांगला टिकवते. एका प्रमाणाचा गुणांक दुसऱ्या प्रमाणाच्या जागी भरणे ही नवशिक्यांची सर्वांत नेहमीची चूक आहे.

उदाहरणासाठी पाल्मा प्रकारची गोळी घेऊ : व्यास ०.३०८ इंच, वजन १५५ ग्रेन (सुमारे १० ग्रॅम), मुखवेग ९०० मीटर प्रतिसेकंद, जी-७ गुणांक ०.२२, समुद्रसपाटीची हवा १५ अंश सेल्सिअसला. दर १०० यार्डांच्या टप्प्याने संकलन केले की पुढील तक्ता मिळतो. शेवटचा स्तंभ १ मीटर प्रतिसेकंद आडव्या वाऱ्यासाठी आहे.

| अंतर (यार्ड) | वेग (मी./से.) | वेगाचे वर्गमूळ | उड्डाणकाळ (से.) | विलंब (से.) | विचलन (सेमी) |
|---|---|---|---|---|---|
| ० | ९०० | ३०.० | ० | ० | ० |
| २०० | ७७२ | २७.८ | ०.२२ | ०.०१६ | २ |
| ४०० | ६५३ | २५.६ | ०.४८ | ०.०७० | ७ |
| ६०० | ५४६ | २३.४ | ०.७८ | ०.१७ | १७ |
| ८०० | ४४९ | २१.२ | १.१५ | ०.३४ | ३४ |
| १००० | ३६१ | १९.० | १.६१ | ०.५९ | ५९ |

तिसऱ्या स्तंभाकडे लक्ष द्या. दर २०० यार्डांना वर्गमूळ २.२ ने उतरते. म्हणजे ध्वनीपेक्षा वेगवान अशा या टप्प्यात वेगाचे वर्गमूळ अंतराबरोबर जवळजवळ सरळ रेषेत कमी होते. याचा अर्थ कर्षण वेगाच्या दीडाव्या घाताच्या प्रमाणात आहे. हे एकदा मानले की संकलन कागदावर सुटते आणि दोन सुटसुटीत सूत्रे मिळतात :

उड्डाणकाळ = अंतर ÷ √(मुखवेग × अंतिम वेग)

घसरण = (गुरुत्वत्वरण × उड्डाणकाळाचा वर्ग ÷ ६) × (१ + २ × √(अंतिम वेग ÷ मुखवेग))

पहिल्या सूत्रात छेदस्थानी दोन्ही वेगांचा गुणोत्तर मध्य आहे. पडताळा पाहू. ९०० × ३६१ चे वर्गमूळ ५७० येते आणि ९१४.४ ÷ ५७० = १.६०४ सेकंद. टप्प्याटप्प्याने केलेल्या संकलनाचे उत्तर १.६०६ होते. दुसऱ्या सूत्रात ९.८१ × १.६०४² ÷ ६ × (१ + २ × ०.६३३) = ९.५ मीटर. नळी ज्या रेषेत रोखली होती तिच्या साडेनऊ मीटर खाली गोळी पोहोचते. म्हणून साइट तेवढी वर करावी लागते आणि वाटेत गोळी दृष्टिरेषेच्या ३ मीटरहून थोडी जास्त वर जाते.

शेवटचा स्तंभही बोलका आहे. अंतर ४०० वरून ८०० यार्ड झाले, म्हणजे दुप्पट. विचलन मात्र ७ वरून ३४ सेंटिमीटर झाले, म्हणजे जवळजवळ पाचपट. लांब पल्ला अवघड का, याचे उत्तर या एका गुणोत्तरात आहे.

६. कोणती चूक किती महाग?

अभियंत्याने कोणत्याही गणिताला विचारायचा प्रश्न असा : माझ्या माहितीत एवढी चूक असेल, तर उत्तर कितीने चुकेल? वरच्या सूत्रांत आकडे थोडे थोडे बदलून पाहू.

तापमान : १० अंश वाढले की हवेची घनता साधारण ३.४ टक्के कमी होते आणि गोळी हजार यार्डांवर सुमारे २५ सेंटिमीटर वर लागते. साधा तापमापक १ अंशापर्यंत बरोबर असेल तर चूक अडीच सेंटिमीटरची.

मुखवेग : एका काडतुसापासून दुसऱ्यापर्यंत ३ मीटर प्रतिसेकंद फरक पडला तर गोळी सुमारे ७ सेंटिमीटर वरखाली. क्रोनोग्राफ या वेगमापकाने हा फरक मोजता येतो आणि दारू नेमकी तोलून तो कमी करता येतो.

गोळीचे फिरणे व पृथ्वीचे फिरणे : स्वतःभोवती फिरण्यामुळे गोळी या अंतरावर सुमारे २० सेंटिमीटर बाजूला जाते. कोरिऑलिस परिणाम ४५ अक्षांशावर साडेसात सेंटिमीटर आणि दिल्लीच्या अक्षांशावर सुमारे ५ सेंटिमीटर भरतो. पण हे दोन्ही एकाच मैदानावर प्रत्येक गोळीला जवळजवळ तेवढेच असतात. साइट एकदा जुळवली की ते आपोआप त्यात मिसळून जातात.

आडवा वारा : अंदाजात १ मीटर प्रतिसेकंदाची चूक झाली तर ५९ सेंटिमीटर.

अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या हजार यार्डांच्या लक्ष्यावर १० गुणांचे वर्तुळ २० इंच व्यासाचे, म्हणजे त्रिज्या २५.४ सेंटिमीटर असते. म्हणून वाऱ्याच्या अंदाजात चालणारी चूक २५.४ ÷ ५९ = ०.४३ मीटर प्रतिसेकंद. ताशी दीड किलोमीटर. माणूस सावकाश चालतो त्याच्याही निम्म्याहून कमी वेग. तोही एका जागचा नव्हे, जवळजवळ एक किलोमीटरभर पसरलेल्या हवेचा.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट होते. उभ्या दिशेची बहुतेक माहिती मोजता येते, ती स्थिर असते आणि यंत्र तिचे उत्तम गणित करते. आडव्या दिशेची मुख्य माहिती मात्र क्षणाक्षणाला बदलते आणि ती मोजणारे यंत्र नेमबाजाच्या हातात असले तरी ते फक्त तिथलाच वारा सांगते. सॉफ्टवेअर ‘२.२ कोनीय मिनिटे उजवीकडे’ असे दशांशापर्यंत दाखवते, ते तुम्ही भरलेल्या वाऱ्यावर आधारलेले असते. पडद्यावरचे दशांश म्हणजे अचूकता नव्हे. हा धडा नेमबाजीपुरता नाही. पूल, धरण किंवा पंप यांच्या गणितातही सर्वांत कच्ची माहिती कोणती हे आधी ओळखावे लागते.

७. कुठला वारा महत्त्वाचा?

वारा वाटेत सगळीकडे सारखा नसतो. मग नेमबाजाजवळचा महत्त्वाचा की लक्ष्याजवळचा? ‘लक्ष्याजवळ गोळी मंदावलेली असते, म्हणून तिथला’ असे उत्तर नेहमी ऐकू येते. कलम ३ मधील कल्पना छोट्या टप्प्याला लावली तर असे मिळते : त्या टप्प्यात गोळीची दिशा वा × (१ ÷ शेवटचा वेग − १ ÷ सुरुवातीचा वेग) एवढ्या कोनाने बदलते, आणि या कोनाला उरलेल्या अंतराने गुणले की लक्ष्यावरचे विचलन मिळते.

मंदावलेल्या गोळीची दिशा जास्त वळते हे खरे, पण तिथे उरलेले अंतर थोडे असते. सुरुवातीला दिशा कमी वळते, पण तो कोन अख्ख्या वाटेवर भोगावा लागतो. आपल्या हजार यार्डांच्या उदाहरणात वाटेचे तीन समान भाग केले तर एकूण विचलनातील वाटा असा येतो : पहिला भाग ४२ टक्के, मधला ३८ टक्के, शेवटचा २० टक्के. ५० मीटरवर वेग फारसा कमी होत नाही, त्यामुळे तिथे हेच प्रमाण ५६, ३३ आणि ११ टक्के असे आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ५० मीटरच्या मैदानावर वाऱ्याचे झेंडे १० आणि ३० मीटरवर लावतात. लक्ष्याला चिकटून झेंडा का नाही, हे या आकड्यांवरून समजते.

मधल्या भागाकडे मात्र दुर्लक्ष नको. हजार यार्डांवर गोळी तिथेच सर्वांत उंच असते आणि जमिनीपासून वर गेले की वारा सहसा वाढतो. नेमबाजाच्या मागे झाडांची रांग किंवा बाजूला मातीचा बांध असेल, तर त्याच्या गालाला न लागणारा वारा मैदानाच्या मध्यावर जोरात असू शकतो.

८. वारा वाचण्याच्या खुणा

झेंडा : झेंड्यावरून दोन गोष्टी कळतात, दिशा आणि जोर. एक जुना आडाखा असा की झेंडा काठीशी करत असलेल्या कोनाच्या अंशांना ४ ने भागले की ताशी मैलांत वेग मिळतो. ६० अंश म्हणजे ताशी १५ मैल, सुमारे ६.७ मीटर प्रतिसेकंद. पण हे कापडाच्या वजनावर अवलंबून आहे. पावसात भिजलेला झेंडा कमी वारा दाखवतो. म्हणून आकड्यापेक्षा ‘आधीपेक्षा वाढला की कमी झाला’ हे वाचणे जास्त भरवशाचे.

मृगजळ : तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेच्या थरांची घनता वेगवेगळी असल्याने प्रकाश वाकतो आणि दुर्बिणीतून लहरी वाहताना दिसतात. लहरी ज्या बाजूला धावतात त्या बाजूला वारा जातो. लहरी सरळ वर ‘उकळताना’ दिसल्या तर वारा एक तर पडलेला आहे, नाही तर अगदी समोरून किंवा मागून येतो आहे. लक्ष्यावर नजर स्पष्ट करून मग दुर्बिणीची नाभी किंचित अलीकडे आणली की वाटेतल्या हवेच्या लहरी ठळक दिसतात. हलका वारा वाचायला मृगजळ झेंड्यापेक्षा सरस आहे. जोराच्या वाऱ्यात मात्र लहरी आडव्या चपट्या होतात आणि वेगातला फरक ओळखता येत नाही. ढगाळ हवेत तर त्या दिसतच नाहीत.

गवत, पाने, धूळ : झेंडे नसलेल्या पट्ट्यांची माहिती यांच्यावरून मिळते.

दिशेचा हिशेब : आडवा घटक = वाऱ्याचा वेग × कोनाचे साइन. दृष्टिरेषेशी ३० अंशांचा वारा निम्मा भरतो, ४५ अंशांचा ०.७ पट, ९० अंशांचा पूर्ण. यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. ४ मीटर प्रतिसेकंदाचा वारा बरोबर बाजूने येत असेल आणि दिशा १५ अंशांनी हलली, तर आडवा घटक ४ वरून ३.८६ होतो, हजार यार्डांवर फरक ८ सेंटिमीटर. तोच वारा समोरून येत असेल आणि तेवढाच हलला, तर आडवा घटक शून्यावरून १.०४ होतो, फरक ६१ सेंटिमीटर, आणि तो डावीकडे की उजवीकडे हेही हलण्यावर ठरते. नवशिक्याला समोरचा वारा निरुपद्रवी वाटतो, पण तोच सर्वांत फसवा असतो. बाजूच्या वाऱ्यात जोरावर लक्ष ठेवा, समोरच्या किंवा मागच्या वाऱ्यात दिशेवर.

९. मैदानावरील कार्यपद्धती

गणित आणि निरीक्षण यांची सांगड अनुभवी नेमबाज साधारण अशी घालतात.

पहिले, घरी किंवा सरावात घसरणीचा तक्ता तयार करायचा. सॉफ्टवेअरचे उत्तर आणि लक्ष्यावरचा प्रत्यक्ष मारा जुळत नसेल, तर मुखवेग किंवा गुणांक यांची तपासणी करून तक्ता दुरुस्त करायचा. मारा खरा, तक्ता नंतर.

दुसरे, वाऱ्याचा एकच आकडा पाठ करायचा. आपल्या उदाहरणात दर १ मीटर प्रतिसेकंदाला २.२ कोनीय मिनिटे (हजार यार्डांवर १ मिनिट म्हणजे २६.६ सेंटिमीटर). बाकी सगळे तोंडी गुणाकाराने होते.

तिसरे, गोळी झाडण्याआधी काही मिनिटे नुसता वारा पाहायचा. कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती, आणि कोणती स्थिती पुन्हा पुन्हा येते? त्या नेहमीच्या स्थितीसाठी साइट लावायची आणि शक्यतो तीच स्थिती परत आल्यावरच गोळी झाडायची. वेळ संपत आला असेल तरच बदलत्या वाऱ्यात अंदाजाने साइट फिरवायची.

चौथे, प्रत्येक गोळीनंतर लावलेला अंदाज आणि लागलेली जागा नोंदवायची. वाऱ्याचे वाचन सुधारते ते या वहीमुळे.

हा खेळ परवानाधारक रायफल क्लब आणि मान्यताप्राप्त मैदान यांवर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच शिकायचा असतो. वारा वाचण्याचा सराव मात्र शस्त्राशिवाय करता येतो. कॉलेजच्या मैदानावर तीन-चार हलक्या पट्ट्या बांधा, एका मित्राला वेगमापक घेऊन मध्यावर उभे करा, स्वतःचा अंदाज आधी लिहा आणि मग मोजलेला आकडा विचारा. आपला अंदाज ०.४ मीटर प्रतिसेकंदाच्या आत किती वेळा येतो ते पाहा.

१०. सारांश

आडव्या वाऱ्याने होणारे विचलन म्हणजे वारा गुणिले विलंबकाळ. विलंब वेग गमावल्यामुळे होतो, म्हणून वेग जास्त असण्यापेक्षा वेग टिकणे महत्त्वाचे. ध्वनीपेक्षा वेगवान टप्प्यात उड्डाणकाळ गुणोत्तर मध्यावरून हाताने काढता येतो. घसरण मोठी असली तरी तिचा अंदाज नेमका बांधता येतो. विचलन तिच्या मानाने लहान असले तरी अनिश्चित असते, आणि गुण जातात ते अनिश्चिततेमुळे. साधन आपल्याला गणितातून मोकळे करते, ते डोळे वाऱ्यावर ठेवता यावेत म्हणून.

११. स्वाध्याय

१. कलम ५ मधील गोळीसाठी ६०० यार्डांवर (५४८.६ मीटर) उड्डाणकाळ व विलंब काढा. दृष्टिरेषेशी ३० अंश करणारा ३ मीटर प्रतिसेकंदाचा वारा असल्यास विचलन किती? (उत्तर : ०.७८ सेकंद, ०.१७ सेकंद, सुमारे २६ सेंटिमीटर)

२. हवेची घनता ३ टक्क्यांनी कमी झाल्यास वेगाच्या वर्गमूळाची घट त्याच प्रमाणात कमी होते असे मानून हजार यार्डांवरील नवी घसरण काढा. (उत्तर : सुमारे ९.३ मीटर, गोळी २३ सेंटिमीटर वर)

३. वरच्याच बदलामुळे १ मीटर प्रतिसेकंद आडव्या वाऱ्याचे विचलन ५९ वरून किती होईल? उष्ण हवेत वाऱ्याचा त्रास कमी होतो असे यावरून म्हणता येईल का? चर्चा करा. (आकडा : सुमारे ५६ सेंटिमीटर)

४. एखाद्या प्रक्षेप्याचा वेग इंजिनाच्या साहाय्याने वाटभर वाढत गेला, तर विलंबकाळाचे चिन्ह काय येईल? त्याचा भौतिक अर्थ फुग्यातील निरीक्षकाच्या दृष्टीने स्पष्ट करा.

५. कलम ७ मधील सूत्र वापरून ५० मीटरसाठीचे ५६, ३३ व ११ टक्के हे प्रमाण सिद्ध करा. (सूचना : दिशाबदल सर्वत्र सारखा माना, मग वाटा फक्त उरलेल्या अंतरावर अवलंबून राहतो.)